उन्हाच्या मुलखातला गिझर

खान्देशात गरम पाण्याचा विषय काढणं हे तसं धाडसाचंच काम. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोन वाजता नळाला असं येतं की हात धुवायला गेलेला माणूस हात न धुताच परत येतो. अंघोळ करायची तर पहाटेच बादल्या भरून सावलीला ठेवाव्या लागतात. अशा ठिकाणी जुन्या घराच्या मागे नवं स्वयंपाकघर काढताना कुणी ‘गरम पाण्याचं काय करायचं?’ असं विचारलं, तर ‘आधी गार पाण्याचं काय ते बोला’ हेच उत्तर मिळणार. पण तोच मुलूख डिसेंबर लागला की पवित्रा बदलतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमापकाची रोज पेपरात बातमी येऊ लागते, पारा सहा-सात अंशांवर आणि कधी त्याच्याही खाली उतरतो, आणि मे महिन्यात सूर्याला शिव्या देणारी मंडळी सकाळी नऊ वाजेपर्यंत ओट्यावर त्याचीच वाट बघत बसतात. त्या सकाळी सहा वाजता मोरीशी बसून रात्रीची खरकटी भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं, तर गरम पाण्याचा प्रश्न खरा आहे की नाही याबद्दल शंका उरत नाही. अडचण एवढीच की तिला सहसा कुणी विचारत नाही. गिझर कुठे लावायचा हे घरात अशा माणसाच्या मताने ठरतं, ज्याचा भांड्यांशी संबंध जेवणापुरता असतो.

म्हणून आपल्याकडे जुन्या घराला नवं स्वयंपाकघर जोडलं जातं तेव्हा टाइल्सचा रंग, ओट्याचा ग्रॅनाइट, ट्रॉल्यांचे हँडल आणि देवघराची दिशा यांवर महिनाभर खल होतो आणि गरम पाण्याचा निर्णय दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत उरकतो. दुकानदार म्हणतो, ‘भाऊ, पंधरा लिटर घेऊन टाका, पाहुणे येतात.’ भाऊ घेऊन टाकतात. मग घरी आल्यावर तो कुठे टांगायचा याचा विचार सुरू होतो. माझं म्हणणं असं की हा सगळा क्रमच उलटा आहे. लोक लिटर मोजतात, स्टार मोजतात, वॉरंटीची वर्षं मोजतात. मोजायला हवी ती पाइपची लांबी. जुन्या घरात गरम पाण्याचा प्रश्न नव्वद टक्के अंतराचा आणि उरलेला यंत्राचा असतो. (नव्वद हा आकडा गप्पांतला आहे, त्याचा हिशेब मागू नये. पुढचे आकडे मात्र कागदावर मांडलेले आहेत.)

जुनं घर म्हणजे काय ते आधी नीट पाहू. धुळ्यातल्या नंबरांच्या गल्ल्या घ्या किंवा जुन्या जळगावातला एखादा वाडा घ्या: रस्त्याकडे अरुंद तोंड, पुढे ओटा, मग ओसरी, मधलं घर, त्यामागे अंधारं जुनं स्वयंपाकघर आणि शेवटी परस. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमाराला नव्या धुळ्याची आखणी केली तेव्हा रस्ते सरळ काढले, पण त्या रस्त्यांवरच्या घरांच्या पोटातून पुढे कधी गरम पाण्याचा पाइप न्यायची वेळ येईल हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. घर लांबच लांब. न्हाणी एका टोकाला आणि नवं स्वयंपाकघर परसात, म्हणजे दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर सहज चाळीस फूट भरतं. ‘एकच मोठा गिझर न्हाणीत लावू आणि तिथूनच किचनला लाइन काढू’ ही कल्पना या चाळीस फुटांवर उभी असते, आणि ऐकायला ती इतकी शहाणपणाची वाटते की घरातलं सगळ्यात काटकसरी माणूस ती मांडतं.

आता हिशेब. पाऊण इंची पाइपात दर मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावतं. चाळीस फूट म्हणजे बारा मीटर, म्हणजे तीन लिटर पाणी नुसतं वाटेत उभं. सकाळी तव्यावरची चिकटी आणि दुधाचं पातेलं धुवायला दोन लिटर गरम पाणी पुरतं. पण ते दोन लिटर हातात पडण्याआधी तीन लिटर गार पाणी मोरीत सोडावं लागतं, आणि काम संपून तोटी बंद केली की गिझरने तापवलेलं तीन लिटर पाणी पाइपात उभं राहतं आणि निमूट गार होतं. म्हणजे वापर दोन लिटरचा, तापवणावळ पाच लिटरची आणि शिवाय तीन लिटर गटारात. दोन-अडीच तासांनी चहाची भांडी आली की पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून चार वेळा हे झालं तर बारा लिटर, आणि थंडीचे चार महिने धरले तर जवळपास दीड हजार लिटर. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीहून अधिक पाणी केवळ ‘अजून कोमट येत नाही’ असं म्हणत सोडून द्यायचं, आणि तेही धुळ्यासारख्या गावात, जिथे नळाला पाणी किती दिवसांआड येतं यावर घरांतली धुण्याची, पाहुण्यांची आणि कधी कधी भांडणांचीही वेळ ठरते. तापी, नकाणे, अक्कलपाडा अशी तीन-तीन नावं असूनही ज्या शहराला टाक्या मोजून पाणी वापरावं लागतं, तिथे एका पाइपाने पाणी पिऊन टाकावं हे बरं दिसत नाही.

यावर काटकसरी माणसाचं उत्तर तयार असतं: ते गार पाणी बादलीत धरायचं आणि झाडांना घालायचं. उत्तर तत्त्वतः बिनतोड आहे. पहिला आठवडा बादली धरली जाते, दुसऱ्या आठवड्यात ती मोरीजवळ असते पण भरलेली असते, आणि तिसऱ्या आठवड्यात तीत कांदे ठेवलेले असतात. माणसाच्या शिस्तीवर चालणारी बचत थंडीत सकाळी सहाला फार टिकत नाही. शिवाय मुद्दा फक्त पाण्याचा नाही. तोटी सोडून पाऊण मिनिट थांबायचं, बोटाने पाहायचं, पुन्हा थांबायचं, या भानगडीत बाई दुसऱ्या दिवसापासून गार पाण्यानेच भांडी घासायला लागते. किचनची लाइन मग भिंतीत छान टाइल्सच्या मागे बसून राहते आणि घरचा कर्ता पाहुण्यांना सांगतो, ‘आपल्याकडे किचनमध्येही गरम पाणी आहे.’

इथेच न्हाणी आणि स्वयंपाकघर यांच्यातला खरा फरक लक्षात घ्यायला हवा. अंघोळीला पाणी एकदम लागतं आणि पुष्कळ लागतं: बादलीभर, एका बैठकीत, एकामागून एक सगळ्यांना. पहिल्याच्या वेळी तीन लिटर गेलं तरी पुढच्या चौघांना पाइप गरमच मिळतो. स्वयंपाकघराला पाणी थोडंथोडं लागतं आणि दिवसभर लागतं. म्हणजे लांब पाइप सोसायची ऐपत न्हाणीची आहे, स्वयंपाकघराची नाही. तरीही शंभरातल्या बहुतेक घरांत यंत्र न्हाणीच्या डोक्यावर असतं आणि लांब शेपूट स्वयंपाकघराच्या वाट्याला येतं. यामागे स्थापत्यशास्त्र नाही. गिझर विकत घेणारा अंघोळ करतो आणि भांडी घासणारी गिझर विकत घेत नाही, एवढंच यामागे आहे.

कुणी म्हणेल, स्वयंपाकघरात गरम पाणी हवंच कशाला, आजवर कुणाचं अडलं होतं? अडलं नव्हतं हे अर्धसत्य आहे. खान्देशी जेवणाचा थोडा विचार करा. वरण-बट्टीचा बेत झाला की ताटांवर, पातेल्यांवर आणि परातीत जे तूप उरतं ते जानेवारीच्या रात्री थिजून पांढरं होतं. गार पाण्याने ते निघत नाही, फक्त जागा बदलतं. शेवभाजीची तर्री, भरिताच्या पातेल्याला लागलेलं तेल, खापरावरच्या मांड्यांच्या पुरणाचं पातेलं, यातलं काहीही थंड पाण्याला दाद देणारं नाही. आणि भरिताचा हंगाम नेमका थंडीचा. म्हणजे बामणोदची वांगी बाजारात येतात तेव्हाच पाणी गार पडतं, हा निसर्गाचा भांडी घासणाऱ्यांवरचा जुना राग म्हणावा लागेल. आणि पूर्वी अडत नव्हतं, कारण तेव्हा परसात एक यंत्र होतं. ते स्वयंपाकघराच्या शेजारीच होतं, आणि त्याला कुणी यंत्र म्हणत नव्हतं.

तांब्याच्या बंबाबद्दल मला आदर आहे, आणि हा आदर आठवणींतला नसून यंत्रशास्त्राचा आहे. बंबाच्या मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीवर विस्तव. नळीतून धूर वर जातो आणि जाता जाता भोवतीचं पाणी तापवून जातो. वरच्या नसराळ्यात गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीने थेट तळाशी जातं, आणि तापून हलकं झालेलं पाणी वरच्या तोटीतून बाहेर ढकललं जातं. गार खालून, गरम वरून. आजच्या पंधरा लिटरच्या गिझरमध्ये नेमकं हेच होतं: गार पाण्याची नळी तळाशी उघडते, गरम पाण्याची वरून निघते. फरक असा की बंबात हा व्यवहार रोकडा होता. एक बादली गार घातल्याशिवाय एक बादली गरम मिळत नसे, त्यामुळे अंघोळीला गेलेला प्रत्येक माणूस पुढच्याची सोय करूनच बाहेर पडायचा. एकत्र कुटुंबं टिकली ती संस्कारांमुळे असं म्हणतात. थोडं श्रेय बंबाच्या नसराळ्याला द्यायला हरकत नाही.

आणि बंबाचा दुसरा हप्ता राखेचा. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, ते तेलकटपणा कापतात. म्हणजे बंब एकाच विस्तवावर गरम पाणीही द्यायचा आणि भांड्यांची पावडरही. इंधन काय, तर शेतातल्या पऱ्हाट्या. खान्देश कापसाचा मुलूख, बोंडं वेचून झाली की उरलेल्या काड्यांचं करायचं काय हा प्रश्न दरवर्षी उभा. आता कृषी खातं सांगतं की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर आणि घराशी साठवून ठेवू नका, त्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. हा सल्ला योग्यच आहे. पण तो नीट वाचला तर पऱ्हाट्या वेळेत संपवणं हेच त्याचं सार आहे, आणि त्या कामात बंबाइतका मन लावून काम करणारा शासकीय कर्मचारी मिळणं कठीण.

तरीही मी बंबाच्या बाजूने उभा नाही, निदान स्वयंपाकघराच्या आत तरी नाही. धूर हा त्याच्याविरुद्धचा मोठा पुरावा आहे. ज्या फुप्फुसांत तो जात होता ती घरातल्या एकाच बाजूच्या माणसांची होती, आणि बंबाच्या आठवणींनी गहिवरणारे लेख सहसा दुसऱ्या बाजूची माणसं लिहितात. बंब पेटवायला पहाटे उठावं लागे, फुंकावं लागे, ओल्या काड्यांशी भांडावं लागे. त्यामुळे नवं स्वयंपाकघर झालं की बंब मोडीत काढायचा का, या प्रश्नावर मी मध्यममार्गी आहे. त्याला जुन्या वस्तू म्हणून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या दारात नेऊन ठेवण्याइतकी घाई नको आणि मोडीवाल्याच्या तराजूतही घालू नये. परसात, उघड्यावर, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपुरता आणि वीज गेलेल्या सकाळीपुरता तो राहू द्यावा. ज्यांनी दीड-दोन दशकांपूर्वीचं भारनियमन काढलं आहे, त्यांना हे पटवावं लागत नाही.

आता गॅस गिझर. स्वयंपाकघरात सिलिंडर आहेच, मग त्याच नळीला आणखी एक फाटा, असा सरळ विचार. मिनिटाला पाच-सहा लिटर गरम पाणी, विजेचं बिल नाही, वायरिंगची कटकट नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच धोक्याचं आहे. लंडनच्या बेंजामिन मॉनने १८६८ साली गॅसवर तत्काळ पाणी तापवणारं पहिलं यंत्र काढलं तेव्हा त्याला धूर बाहेर जायला नळीच नव्हती. दीडशे वर्षं उलटली, यंत्रं सुधारली, पण ती खिडकी नसलेल्या जागी टांगायची माणसाची हौस तशीच आहे. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. जुन्या घरांतल्या न्हाण्या तर मुळात हवा आत येऊ नये म्हणूनच बांधल्यासारख्या. ‘पण आमचं नवं किचन हवेशीर आहे’ हा आक्षेप मान्य. मात्र त्याच किचनमध्ये एक एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी असते, ती खोलीतली हवा बाहेर ओढते, आणि थंडीत दारं-खिडक्या लावलेल्या असतील तर गिझरची धुराची नळी उलटी वाहायला लागते. म्हणजे भाजीच्या फोडणीचा वास बाहेर आणि जे बाहेर जायचं ते आत. इथे विनोद संपतो. गॅस गिझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत बसवायची सोय असेल तरच त्याचं नाव काढावं.

पाण्यात सोडायचा रॉड हा मी पर्याय धरत नाही. प्लास्टिकच्या बादलीत हजार-दीड हजार वॅटची सळई, ओली फरशी आणि ‘बंद केला का रे?’ असं आतून विचारणारा आवाज, याला स्वयंपाकघराची रचना म्हणता येत नाही.

मग उरतो तो मोरीच्या वर, हाताच्या अंतरावर टांगलेला तीन लिटरचा विजेचा छोटा गिझर. त्याच्याबद्दल घरात पहिली प्रतिक्रिया तुच्छतेची असते. तीन लिटर? एवढ्याशा डब्याने काय होणार? तर ऐका. तीन किलोवॅटचं तापकं तीन लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला दोन मिनिटांच्या आसपास घेतं. भांडी मोरीशी आणून, खरकटं काढून, घासणी शोधेपर्यंत पाणी तयार. पाइपाची लांबी दोन-तीन फूट, म्हणजे वाटेत अडकलेलं पाणी पेलाभर. शिवाय मोठ्या टाकीत तापवून ठेवलेलं पाणी वापरलं नाही तरी हळूहळू निवत राहतं आणि थर्मोस्टॅट त्याला पुन्हा पुन्हा तापवत राहतो. तीन लिटरच्या डब्यात निवण्यासारखं फार काही नसतं. पाहुण्यांचा मुद्दा निघतोच. पण खान्देशात पाहुण्यांचा खरा लोंढा कधी येतो? लेकीबाळी माहेरी येतात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि लग्नं धडाक्याने लागतात त्याच्या मागे-पुढे, म्हणजे भर उन्हाळ्यात, जेव्हा गिझरचं बटन कुठे आहे हेही कुणाला आठवत नाही. पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेला पंधरा लिटरचा गिझर पाहुण्यांना फक्त बघायला मिळतो.

छोट्या गिझरच्या बाजूने जुनं घरही साक्ष देतं. पंधरा लिटरचा गिझर भरला की यंत्रासकट वीस-पंचवीस किलो वजन होतं. मातीच्या दोन फुटी भिंतीत फास्टनर ठोकून ते टांगायचं म्हणजे भिंतीला आणि खाली अंघोळ करणाऱ्याला दोघांनाही सारखाच धोका. भिंत जाड आहे म्हणून मजबूत आहे हा गैरसमज. ती वरून दाब सहन करते, बाजूने ओढलेला खिळा तिला धरवत नाही. छोटा गिझर नव्या विटांच्या भिंतीवर निवांत बसतो. वायरिंगचं मात्र ठणकावून सांगायला हवं. तीन किलोवॅट म्हणजे तेरा अँपियर. जुन्या घरात लाकडी पट्टीवरून आलेल्या, किटकॅट फ्यूजच्या आणि आजोबांच्या काळातल्या वायरीला एवढा भार दिला तर पाणी तापण्याआधी भिंत तापेल. नव्या किचनसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर, स्वतःचा एमसीबी आणि खरंखुरं अर्थिंग हवं. ‘अर्थिंग आहे’ असं सांगताना वायरमन फक्त तीन पिनांच्या सॉकेटकडे बोट दाखवत असेल, तर तिसऱ्या पिनेची वायर जमिनीपर्यंत जाते का, हे त्याच्याकडून दाखवून घ्यावं.

राहिला सूर्य. त्याला वगळून खान्देशात उष्णतेवर लेख लिहिणं म्हणजे यजमानाला न विचारता पंगत बसवणं. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ साली उन्हावर पाणी तापवणारी पेटी विकायला काढली. आपल्याकडे घरावर काळी टाकी ठेवून तोच प्रयोग प्रत्येक जण नकळत करतो आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा केला, तो इथे ऊन आहे म्हणूनच. आणि तरी आपण भुसावळजवळच्या दीपनगरला कोळसा जाळून, पाण्याची वाफ करून, वाफेची वीज करून, ती तारांवरून घरी आणून शेवटी पाणीच तापवतो. पाण्यापासून निघून पाण्यापाशीच यायचं, तर मधला प्रवास टाळलेला बरा. सोलरला पहिला आक्षेप असा की हिवाळ्यात चालत नाही. दुसरीकडचं माहीत नाही, पण खान्देशातली थंडी कोरडी आणि आकाश स्वच्छ; रात्री पारा खाली जातो तो ढग नसतात म्हणूनच, आणि ढग नसले की दिवसा ऊनही कडक. शंभर लिटरच्या टाकीत संध्याकाळी साठलेलं गरम पाणी जाड वेष्टणामुळे सकाळपर्यंत बरंचसं टिकतं. अडचण पावसाळ्यात, श्रावणातल्या ढगाळ आठवड्यांत. पण तेव्हा नळाचं पाणी मुळात गार नसतं.

खरा आक्षेप छपराचा आहे. जुनं घर धाब्याचं: लाकडी सरे, त्यावर काटक्या-फळ्या, त्यावर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा हात. अशा धाब्यावर शंभर लिटरचा सोलर ठेवायचा म्हणजे पाण्यासकट दीडशे किलोच्या वर वजन, त्याच्या वर गार पाण्याच्या टाकीचं आणखी एक उंच मचाण, आणि एखादा सांधा ठिबकला तर मातीचा चिखल. धाब्यावर सोलर चढवू नये. पण नव्या स्वयंपाकघराला स्लॅब असतो! संपूर्ण वाड्यात वजन पेलणारी आणि गळती सोसणारी एवढी एकच जागा, आणि तिच्या बरोबर खाली मोरी. दक्षिणेकडे तोंड करून सोलर तिथे ठेवला की मोरीपर्यंत दहा-बारा फुटांचा पाइप, आणि न्हाणीसाठी हवं तर लांब लाइन. ज्याला लांब पाइप परवडतो त्याला लांब, ज्याला नाही त्याला आखूड. यासाठी स्लॅब टाकण्याआधी मिस्त्रीशी बोलावं लागतं. स्लॅब पडल्यावर ड्रिल घेऊन येणाऱ्या प्लंबरशी बोलून तो फायदा मिळत नाही. आणि पाइप पांढऱ्या पीव्हीसीचा नको, तो गरम पाण्याने मऊ पडतो, सीपीव्हीसी हवा. ज्या जळगावातून देशभर पाइप जातात तिथल्या घरात चुकीचा पाइप भिंतीत जावा, हे शहराच्या अब्रूलाही शोभणारं नाही.

बोअरच्या जड पाण्याचं दुखणं दोन्हीकडे सारखं आहे. पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो आणि तापकावर, नळ्यांत थर धरतो. मग तेच पाणी तापायला जास्त वेळ, जास्त वीज. सोलरवाला आणि गिझरवाला दोघेही हे विकताना सांगत नाहीत, दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला आल्यावर सांगतात. छोटा गिझर उघडून साफ करायला सोपा आणि बिघडलाच तर बदलायला स्वस्त. सोलरला जमलं तर नळाचं गोड पाणीच जोडावं, बोअरचं नको.

एवढं ऐकून घरातलं कुणीतरी म्हणणारच: छोटा गिझर, वर सोलर, परसात बंब, म्हणजे तीन-तीन सोयी, हे काय राजवाडा बांधताय? आक्षेप रास्त आहे. पैसे एकाचेच असतील तर तीन लिटरचा गिझर आधी घ्यावा आणि स्लॅबवर सोलरसाठी फक्त पाइपांची तोंडं काढून ठेवावीत. तोंडं काढायला फार खर्च येत नाही आणि नंतर स्लॅब फोडावा लागत नाही. बंब तर घरात आहेच, त्याला फक्त मोडीवाल्यापासून वाचवायचं आहे. आणि ज्यांना यातलं काहीच नको असेल त्यांच्यासाठी चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोमुखातून गरम पाणी येतं, वीज नाही, गॅस नाही, थर्मोस्टॅट नाही. फक्त भांडी तिथपर्यंत न्यावी लागतील, म्हणजे पुन्हा अंतराचाच प्रश्न.

सोलर बसवल्यानंतरचा एक उपद्रव मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसतो. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा घरात कुणालाही गरम पाणी नको असतं, तेव्हा सोलर वर्षातलं सर्वांत उत्तम काम करतो. टाकीतलं पाणी इतकं तापतं की तोटी उघडली तर वाफ येते, आणि खाली नळाचं साधं पाणीही काही गार नसतं. त्याला बंद करायचं बटन नसतं. त्यामुळे अक्षय तृतीयेच्या सुमाराला स्लॅबवर चढून सोलरच्या नळ्यांवर जुनी चादर किंवा तरट बांधायचं काम कुणाकडे, हेही नवं स्वयंपाकघर काढतानाच ठरवून घ्यावं. गिझर ज्याने निवडला होता, त्यालाच ते देणं न्यायाचं होईल.